पंचनाम्यात दार आहे, चित्रीकरणात नाही

प्रथम एक बाब नोंदवून घ्यावी. भूतखेत, करणी, दृष्ट, साडेसाती यांपैकी कशालाही मी मानत नाही. मानले असते तर मला नोकरीच करता आली नसती. मी एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयाचा बेलीफ होतो. कोर्टाचा हुकूम खिशात घालून लोकांच्या दारात उभे राहायचे आणि ताबा द्यायचा, हे माझे काम. मी कुलपे तोडली, कोयंडे उचकटले, तळतळाट ऐकले. पारनेर तालुक्यातल्या एका बाईंनी माझ्या अंगावर हळदकुंकू लावलेले लिंबू फेकले होते. मी ते पंचनाम्यात 'लिंबू, एक नग' असे लिहिले आणि पुढच्या कामाला लागलो.

निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. या नियतकालिकाच्या वाचकांना माझा स्वभाव त्यातून ठाऊक असेलच. आजवरचे माझे प्रत्येक पत्र कुणाच्या तरी विरुद्ध होते. हे कोणाविरुद्ध आहे, ते मला ठरवता आलेले नाही... आणि तरीही ते लिहिल्यावाचून राहवत नाही. भीतीने नव्हे. काय म्हणावे ते कळत नाही, पण भीतीने नव्हे!

माझी पत्नी सौ. शालिनी ही निवृत्त मराठी शिक्षिका. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तिने एक कादंबरी लिहिली – 'मोकळी चौकट'. परीक्षकांनी तिला 'स्त्रीवादी गूढकादंबरी' असे म्हटले. शालिनी म्हणते, "मी फक्त यमुनामावशी लिहिली."

यमुनामावशी म्हणजे तिची सख्खी मावशी. घोडेगावच्या फाट्यावरून शनिशिंगणापूरकडे वळले की अलीकडच्या शिवारात एक लहान वस्ती लागते. शिंगणापूरची रीत त्या वस्तीनेही पाळलेली : घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्रे आत शिरू नये म्हणून फळी आडवी लावतात, फार तर पडदा. कडी नाही, कोयंडा नाही. अशा घरात मावशीच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि मावशीला सांगितले, "हितं दार न्हाई, कडी न्हाई. जायाचं तर जा. कुनी धरलंय तुला?"

आणि मावशीने त्यानंतर एकोणीस वर्षे तो उंबरा ओलांडला नाही. कादंबरीत ते घरच तिला धरून ठेवते. उंबरा दर वर्षी बोटभर वर येतो, तिन्हीसांजेला चौकट श्वास घेते... आणि शेवटी त्या उघड्या चौकटीच्या आतच मावशी प्राण सोडते.

हस्तलिखित वाचून मी जे बोललो, ते आज प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, "शालिनी, भारतीय दंड संहितेच्या कलम ३४० प्रमाणे हे कोंडून ठेवणे होत नाही. अडथळाच नाही! तुझी मावशी कोर्टात टिकणार नाही."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर कुलपं तोडलीत. जिथं कुलूपच नाही, तिथून एखादीला कसं सोडवायचं, ते सांगा ना. आहे का कलम?"

नव्हते. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी त्या कादंबरीचा पक्षकार झालो.

म्हणूनच चित्रपटाचा करार झाला तेव्हा कलम सात मी स्वतः लिहिले. (अ) घराला दार दाखवले जाणार नाही. (ब) कादंबरीचा शेवट बदलला जाणार नाही. निर्मात्याने न वाचता सही केली. न वाचता सही करणाऱ्यांवरच माझे एकतीस वर्षे पोट चालले.

गेल्या हिवाळ्यात दिग्दर्शिकेचा फोन आला. रेवती तिचे नाव, वय तिशीच्या आसपास, मुलगी हुशार. "काका, एक छोटासा बदल आहे... आपण दार लावतोय. बाहेरून कडी. निर्मात्यांचं म्हणणं, प्रेक्षक विचारतील, ही बाई जात का नाही? दार तर उघडंच आहे!"

वाचकहो, माझे डोके भडकले! तो अगदी माझाच जुना आक्षेप होता, आणि स्वतःचा मूर्खपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखे संतापजनक काही नाही. मी कलम सात मोठ्याने वाचले, करार जसाच्या तसा पाळायला लावणारा विनिर्दिष्ट अनुपालनाचा दावा लावीन म्हणालो, मनाई हुकूम आणीन म्हणालो. रेवती रडवेली झाली.

शालिनी मात्र शांत होती. ती भाजी निवडत म्हणाली, "दाराला कडी लागली की सगळा दोष कडीचा. मग त्या माणसानं काय केलं, ते कुणाला दिसणारच नाही. आपली मावशी संपली हो त्या सिनेमात." एवढेच. पण तिने निवडलेली भाजी आणि टाकायची देठे एकाच ताटलीत टाकली होती. चाळीस वर्षांत असे झालेले मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप ठरवून आम्ही दोघे निघालो. माझ्या पिशवीत नोटीस, करारनामा, कार्बन पेपर आणि मोजपट्टी होती.

वस्तीवर पोहोचलो तर एक नवीनच भानगड उभी होती. मावशीच्याच जुन्या घरात चित्रीकरण चालले होते. नगरहून आणलेले दार वस्तीवरच्या म्हादबा सुताराने चौकटीत बसवले होते. म्हादबाचे वय सत्तरीचे. त्याने जन्मभर नांगर, पाभर, बाजा केल्या, पण घराला दार कधी बसवलेले नाही. त्याने कडी आतल्या बाजूला लावली होती.

रेवती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, कडी बाहेरून पाहिजे होती!"

"भायेरनं?" म्हादबाने तिच्याकडे असे पाहिले, की जणू तिने उलटी चूल मांडायला सांगितली. "पोरी, मी गावोगावी दारं बगितल्यात. कडी आतल्या मान्साच्या हाताला असती. भायेरनं कशापाई?"

"आतलं माणूस बाहेर येऊ नये म्हणून."

"आतलं मानूस?" म्हादबा माझ्याकडे वळला. "सायेब, तुमी कोर्टातले ना? असं करत्यात व्हय लोकं?"

मी म्हणालो, "करतात."

"लई अवघड हाय," असे म्हणून त्याने पटाशी उचलली आणि पुटपुटत कडी काढून बाहेरून ठोकली. फोन आल्यापासून शालिनी त्या वेळी प्रथमच हसली!

आता मुख्य प्रसंग. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे, लख्ख ऊन. दृश्य असे : नवरा झालेला नट दार ओढून घेतो, कडी घालतो, निघून जातो, कॅमेरा बंद दारावर स्थिर राहतो. करारभंग माझ्या डोळ्यांदेखत होणार होता, म्हणून मी आधीच पंचनामा केला. 'पश्चिमाभिमुख घर. सागवानी रंगाचे एकफळी दार, उंची सहा फूट एक इंच. बाहेरील बाजूस लोखंडी कडी, नवीन. तालमीत दार बंद करून कडी घातल्याचे व आत कोणीही नसल्याचे समक्ष पाहिले.' खाली पाच जणांच्या सह्या, त्यांत म्हादबाचा अंगठा आणि खुद्द रेवतीची सही. मी आत जाऊन चारही कोपरे पाहिले होते. मागे भिंत, खिडकी नाही. मावशीचे काम करणारी नटी लिंबाखाली शालिनीच्या शेजारी बसून चहा पीत होती.

नटाने दार ओढले. कडी पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. नट निघून गेला. कॅमेरा दारावर स्थिर राहिला.

आणि कॅमेऱ्यामागचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "दार कुठंय?"

मी मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिले. पडद्यावर घर होते, चौकट होती, दार नव्हते! मान वर केली – समोर दार, कडी घातलेली. मान खाली – मोकळी चौकट. मी हे सात वेळा केले. मोजून सात वेळा, कारण साक्षीत हाच प्रश्न विचारतात. चष्मा काढून पाहिले, पुसून पाहिले. सातही वेळा तेच!

आणि चौकटीच्या आत, उंबऱ्यापासून चार हातांवर, एक बाई बसली होती. हिरवे लुगडे, मांडीवर सूप. ती बाजरी निवडत होती.

रेवतीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "काका... ती तिकडं चहा पितीये ना? मग ही कोण?"

मी शालिनीला हाक मारली. कशी मारली ते आठवत नाही. ती म्हणते, मी ओरडलो. ती धावत आली, पडद्यासमोर वाकली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"डाव्या हातानं," ती म्हणाली. "अहो, डाव्या हातानं निवडतेय. मावशी डावरी होती. मी पुस्तकात नाही हो लिहिलं हे. विसरूनच गेले होते मी!"

पडद्यावरच्या बाईने सूप खाली ठेवले, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि पदर खोचून उंबऱ्याशी आली. तिथे ती थांबली. किती वेळ, ते चित्रफितीवर आहे : सोळा सेकंद. शालिनी हलक्या आवाजात सारखे म्हणत होती, "ये. ये मावशी. ये ना."

तिने पाय उचलला, उंबरा ओलांडला, अंगणात आली, आणि पडद्याच्या डाव्या कडेने बाहेर निघून गेली. मागे सूप तसेच.

मी धावलो. या वयात! दार बंद होते. कडी माझ्या हाताने काढली. आत कोणीही नव्हते, सूप नव्हते, सकाळच्या सारवणावर माझ्याच चपलांचे ठसे होते. अंगणात तर आम्ही पंधरा-वीस माणसे उभी होतो. कोणीही कोणाला येताना पाहिले नाही.

त्यानंतर तेच दृश्य तीनदा चित्रित झाले. तिन्ही वेळा दार व्यवस्थित दिसले. फक्त त्या एका वेळी नाही. रेकॉर्डिंग शाबूत आहे. मी ते नगरला जाऊन पुन्हा पाहिले.

म्हादबाने आपला निकाल लगेच दिला. "आजवर कुनी कोंडलंच नव्हतं ना तिला, मग सुटायची कशी? आज कडी पडली, निघाली." हे मी त्याचे मत म्हणून नोंदवतो, पुरावा म्हणून नाही.

माझी नोटीस मात्र निरर्थक झाली. दार होते, हे माझाच पंचनामा सिद्ध करतो. पण त्या एका चित्रीकरणात दार नाही, म्हणजे तेवढ्यापुरता करारभंगही नाही! रेवतीने दुसऱ्याच आठवड्यात विनंती केली : हेच दृश्य चित्रपटाचा शेवट करू द्या, बाकीची दारे मी कापून टाकते. तिने निर्मात्याचे मन वळवलेही होते. आता आडवे येत होते ते फक्त कलम सात (ब) – शेवट बदलला जाणार नाही. माझेच अक्षर.

संमती द्यायला शालिनीला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिने मला जे सांगितले, ते तिच्या परवानगीने लिहितो. अकरा वर्षांची असताना तिने मावशीचा हात धरून ओढला होता, "चल, आमच्याकडं चल." मावशी उठली नव्हती. पुढच्या वर्षी मामांनी येऊन सांगितले की मावशी वारली. "माझ्या ओढण्यात जोर कमी पडला, असं मला सारखं वाटायचं," शालिनी म्हणाली. "म्हणून मी तिला पुस्तकात आतच मारली."

"तू प्रेत पाहिलंस?" मी विचारले.

"नाही."

"तुझ्या आईनं?"

"तीही गेली नव्हती. मामांनीच सांगितलं."

"शालिनी, हा ऐकीव पुरावा आहे. ग्राह्य नाही!"

माझ्या कायद्यामुळे तिचा चेहरा उजळलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला. मी ताबडतोब जुन्या मृत्युनोंदींसाठी अर्ज केला. जुन्या ओळखीमुळे उत्तर आठवड्याभरात आले : त्या वर्षी, आगेमागेही, यमुनाबाई या नावाची नोंद आढळत नाही. नोंद नसणे म्हणजे मृत्यू झाला नाही असे नव्हे, हे मला पूर्ण माहीत आहे. तेव्हा कित्येक नोंदी होतच नसत. मी तिलाही तसे स्पष्ट सांगितले. तिने उत्तराचा कागद दोनदा वाचला आणि पेन मागितले. संमतिपत्रावर तिची सही, साक्षीदार मी.

चित्रपट अजून प्रदर्शित व्हायचा आहे. जे पाहतील ते म्हणतील, कॉम्प्युटरची करामत. म्हणू देत. माझ्याकडे मूळ पंचनामा आहे. कॅमेऱ्याच्या दोन तंत्रज्ञांना मी सविस्तर पत्रे पाठवली. एकाने भिंगाचा दोष म्हटले, दुसऱ्याने उत्तर दिले नाही. सागवानी रंगाचे सहा फुटी दार गाळून मागची डावरी बाई दाखवणारा भिंगाचा दोष कोणता, हे कोणा वाचकाला ठाऊक असल्यास कृपया लेखी कळवावे. मला कळलेले नाही.

शालिनी सध्या दुसऱ्या आवृत्तीसाठी शेवटचे प्रकरण नव्याने लिहिते आहे. उंबऱ्यापर्यंतचे लिहून झाले आहे. काल दुपारी ती लिहिता लिहिता थांबली आणि मला म्हणाली, "अहो, अंगणातून ती डावीकडं वळली. कुठं गेली असेल हो?"

मी नकाशा काढला. डावीकडे शेतांमधून जाणारा पांदीचा रस्ता आहे, पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे त्या काळी घोडेगावकडे जाणारी गाडीवाट होती. तेवढेच तिला सांगितले. तिने ती वाट नकाशावर बोटाने गिरवली आणि पुन्हा पेन उचलले.