बारदान्याचं दुकान आणि वीस तारखेचा कोड

हे लिहायचं मी किती दिवस टाळतोय. उन्हाळ्यात सेलूला जाऊन आलो, देवगाव फाट्यावरच्या भज्यांचे फोटो टाकले, ‘सविस्तर लिहितो’ म्हणून सगळ्यांना झुलवत ठेवलं, आणि आता कपाटातून स्वेटर निघाले. आळस तर आहेच. पण दरवेळी लिहायला बसलो की गाडी एकाच जागी अडायची. आज अडली तरी चालेल, असं ठरवून बसलोय.

गेलो होतो जीएसटी समजून घ्यायला. हसू नका. जिंतूरकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून घोंगड्या घ्यायच्या आणि ऑनलाइन देशभर विकायच्या, असं खूळ डोक्यात होतं. अॅपवाल्यांचा पहिला प्रश्न आला: जीएसटी नंबर? बारावीनंतर माझा आणि आकड्यांचा संबंध संपलेला. पण सेलूत माझा मावसभाऊ संतोष राहतो, तो दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देतो. छत्रपती संभाजीनगरहून सकाळची गाडी धरली, जनरलचं तिकीट काढलं आणि जालन्यानंतर जागा मिळाली. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊ नका. गेलातच तर डोक्याला रुमाल बांधा आणि दुपारी बाराच्या आत कुठंतरी सावलीत शिरा.

मी शिरलो ते संतोषच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका जिन्याखालची खोली, कूलर आणि दोन खुर्च्या. समोर दिगंबरकाकांचं बारदान्याचं दुकान. पोती, सुतळी, ताडपत्र्या. दुकानाबाहेरसुद्धा तागाचा वास. मला तो इतका आवडला की पहिली दुपार मी पोत्यांच्या थप्पीवर झोपूनच काढली. काकांनी उठवलं नाही. उठल्यावर चहा मागवला.

“घोंगड्या विकणार म्हणं तुमी, पाव्हणं?”

“हो काका.”

“लोकं ब्लँकेटं घ्यायलेत आता. पण इका. नंबर घ्या. फक्त फोन सोताचा द्या बरं. आमच्यावानी दुसऱ्याचा देऊ नका.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

संध्याकाळी संतोषनं शिकवणी घेतली. काकांच्या दुकानातलं एक पोतं टेबलावर टाकलं. “हे शंभराला आणलं, वर पाच रुपये कर दिला. काकांनी जिंतूरच्या दुकानदाराला एकशेवीसला दिलं, त्याच्याकडून सहा घेतले. आता सरकारला किती द्यायचे?”

“सहा.”

“एक! पाच आधीच दिलेत ना. त्याची वजावट मिळती. जेवढी किंमत आपण वाढवली तेवढ्यावरच कर.”

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर कराचे दोन भाग, अर्धा केंद्राला, अर्धा राज्याला. पोतं बंगालमधून आलं तर एकच, आयजीएसटी. आणि राज्याचा वाटा मिळतो तो माल जिथं बनला त्या राज्याला नाही, जिथं वापरला गेला त्याला. मी म्हणालो, हा तर बनवणाऱ्यावर अन्याय आहे. संतोष म्हणाला, “कायदाय. तू रडू नको.”

शेवटी त्यानं सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. ही साखळी आहे. काकांनी विवरण भरलं नाही, तर जिंतूरच्या दुकानदाराला त्याची वजावट दिसत नाही. मग तो दुसरीकडून माल घेतो. मागच्यानं बोलणं सोडलं की पुढचा अडकतो.

दुसऱ्या दिवशी वीस तारीख होती, कर भरून विवरण पाठवायची शेवटची. काका टोपी नीट करून आले, देवळात आल्यासारखे चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसले. संतोषनं बटण दाबलं. विवरणावर सहीऐवजी एक कोड लागतो, तो नोंदणी करताना दिलेल्या मोबाइलवर येतो.

नंबर काकांच्या मुलाचा होता, बालाजीचा. जीएसटी आला तेव्हा काकांकडं साधा बटणांचा फोन, ईमेल वगैरे काही नाही. बालाजीनं स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकून दिला. सेलूत अशी कितीतरी दुकानं आहेत, संतोष म्हणाला, धंदा बापाचा आणि कोड पोराच्या खिशात. पुढं बालाजी सुरतेला कामाला गेला, तिथं परमुलखातल्या मुलीशी लग्न केलं. काका म्हणाले, परत तोंड दाखवू नको. त्यानं दाखवलं नाही. पण दर महिन्याच्या वीस तारखेला सुरतेहून संतोषच्या व्हॉट्सअॅपवर सहा आकडे यायचे. खाली एक शब्दसुद्धा नाही. काकांची सक्त ताकीद होती, आपण बोलायचं नाही, फोन लावायचा नाही, फक्त कोड मागायचा.

“आला का?” काकांनी विचारलं.

“न्हाई अजून.”

“कामावर असंल. लगेच आला म्हंजी घरी बसून असतो. उशिरा आला म्हंजी काम बरं चाललंय.”

दहा मिनिटांत कोड बाद होतो. संतोषनं परत बटण दाबलं. मग परत. काकांची नजर चुकवून त्यानं फोनही लावून पाहिला. बंद.

“काका, नंबर बदलून टाकू. परभणीच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, आधार आणि दुकानाचे कागद जोडायचे. काही अवघड न्हाई.”

“नगं.”

“उशिराचे दिवसाला पन्नास लागतील. पंचवीस केंद्राला, पंचवीस राज्याला.”

“लागू दे. राग आला असंल त्याला. उतरंल.”

मला तिथं बसवेना. ठरल्याप्रमाणे जिंतूरला निघालो. देवगाव फाट्यावर एसटी थांबली, मी भजी आणि तळलेल्या मिरच्या खायला उतरलो, आणि एका मेंढपाळाशी त्याच्या कुत्र्याच्या गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्याबद्दल बोलत बसलो तोवर एसटी निघून गेली. पुढं छोट्या टेम्पोत, कडब्यावर बसून. भजी जरूर खा. टेम्पोत बसू नका.

घोंगड्या सुंदर होत्या. विणणाऱ्या आजीनं विचारलं, नंबर मिळाला का? म्हटलं, मिळंल. तिथं मन लागलं नाही.

सेलूला परतलो तर कोड आलेला नव्हता. निघताना काकांकडं गेलो. ते संतोषला विचारत होते, “असंच ठिवलं तर काय होतंय?”

“सहा महिने विवरण न्हाई भरलं तर नोटीस. नोंदणी रद्द का करू नये म्हणून. मग दुकानाचा धंदाच बसला, काका.”

“नोटीस कुणाकडं येती?”

“त्याच्याकडंच. त्याच फोनवर, ईमेलवर.”

काकांनी सुतळीचा गुंडा उचलला, परत जागेवर ठेवला. “मग येऊ दे,” म्हणाले. “बापाचं दुकान बंद पडायलंय म्हनल्यावर तरी बोलंल.”

घरी आलो. नंबर घेतला नाही. घोंगड्या दोनच आणल्या, एक मी पांघरतो. जीएसटी किती कळला? एवढाच, की साखळीतला एक माणूस गप्प झाला की सगळ्यांचं अडतं, आणि कायद्याला त्याचं कारण विचारायची सोय नाही. संतोष अधूनमधून कळवायचा. जिंतूरच्या दुकानदारांनी माल घेणं सोडलं. थप्प्या तशाच आहेत. काका वीस तारखेला टोपी घालून येतात, बसतात, जातात. दिवाळीच्या सुमारास नोटीस निघाली.

इथवर लिहिलं आणि आत्ता संतोषचा फोन आला. काकांच्या दुकानात सुरतेहून एक बाई आलीय. एकटी, कडेवर लहान मुलगी. काकांची सून. बालाजी उन्हाळ्यातच गेला, ताप डोक्यात शिरला म्हणे, आम्ही कोडची वाट बघत बसलो होतो त्याच आठवड्यात. तो घरचं कधी बोलायचा नाही, कळवायचं कुणाला हे तिला माहीत नव्हतं. बँकेच्या कामासाठी परवा त्याचा बंद फोन चालू केला तर ईमेलमध्ये नोटीस दिसली. नोटिशीवर दुकानाचा पत्ता होता.

“काका काय म्हणाले?” मी विचारलं.

“तिच्या हातातला फोन घेतला, नुसता धरून बसलेत. पोरगी पोत्यांच्या थप्पीवर झोपलीय.”