आईचं जोडवं

"कमर में क्या है? शर्ट ऊपर कर."

मी शर्ट वर केला. सुरक्षेच्या साहेबांनी पॅन्टचं बटणही काढायला लावलं. मागं प्रवाशांची रांग. एक बाई हसली, मग तिनं तोंड फिरवलं. मला काही वाटलं नाही. छताकडं बघत राहिलो.

नागपूरच्या विमानतळावर माझं काम ट्रेचं. लोकांच्या बॅगा मशीनमधून गेल्या की रिकामे ट्रे परत रांगेच्या तोंडाशी आणायचे. आठवीत शाळा सुटलेला मी, गाव दूर मेळघाटाच्या पायथ्याशी, आणि काम एसीतलं. ठेकेदाराचे उपकार मानत होतो. आत शिरायचा गळ्यातला पास जाईल या भीतीनं झोपेतही हात गळ्याशी जायचा.

पाणी पिऊन आलो तरी माझी तपासणी व्हायची. व्हावीच. कमरेशी डिटेक्टर वाजायचं. काळ्या करदोड्यात चांदीचं जोडवं होतं. बाप गेला तेव्हा आईनं पायातलं काढून त्यात ओवलेलं. जुने जवान हात लावून बघायचे, सोडायचे.

त्या दिवशी साहेब नवे होते. त्यांचे एक पाहुणे बाजूच्या फाटकातून आत आले होते. न तपासता. बॅग हातातच.

पाहुणे माझ्या कमरेकडं बघून म्हणाले, "अरे, बच्चे जैसा बांधा है! काजल भी लगाता होगा."

साहेब हसले. प्रवाशांकडून जप्त केलेल्या सामानातली कात्री माझ्या हातात दिली. "काट. रोज का झंझट."

आमच्याकडं करदोडा मेल्यावर तोडतात. बापाचा मीच तोडला होता, तिरडीवर.

आमचा सुपरवायजर कानाशी आला. "काप ना गा. काहून नोकरी घालवून राहिला?"

कात्री पोटाला गार लागली. तेव्हा दिसलं. एवढ्या मशिनी, एवढी माणसं, सरकारचा एवढा खर्च, तिकिटातूनही पैसे घेतात म्हणे. आणि सापडलं काय, तर माझ्या आईचं जोडवं. ती बॅग कोणीच पाहिली नव्हती.

"मी जिता आहो," मी म्हणालो. "मेल्यावर तोडा."

कात्री ठेवली. ट्रे उचलला, पाहुण्यांपुढं धरला.

"बॅग ठेवा, साहेब."

साहेबांनी माझ्या पासासाठी हात पुढं केला. मी गळ्यातला पास काढून दिला.

आता विमानतळाजवळच्याच मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर आहे. डिटेक्टर माझ्या हातात असतं. शर्ट मी कोणालाच वर करायला लावत नाही. पण गाडीतून येणाऱ्याचीही बॅग उघडतो. उद्या मालकाची गाडी येईल. बॅग दाखवल्याशिवाय फाटक उघडणार नाही.

हाही पास जाईल. जाऊ दे.