पन्नास मैलांचा सल्ला

इंजिन सुरू असताना मिस्त्री लांब पेचकसाचं टोक त्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गाडीचा मालक समोर चुळबुळत उभा असायचा. न राहवून तो विचारायचा, "काय मिस्त्री, किती पळवू हिला?" डोळे न उघडताच उत्तर यायचं, "माले काय इचारतस? तिले इचारा."

मग थोड्या वेळाने मिस्त्रीच सांगायचे. तिला विचारून.

जळगावातल्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मी तेव्हा कारकून होतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ती चार-पाच वर्षं. सुट्या भागांसाठी मुंबईला पत्रं लिहिणं आणि गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मिस्त्रींना वाचून दाखवणं ही माझी कामं. मिस्त्री पारोळ्याजवळच्या खेड्यातले. आधी कापसाच्या जिनिंगमधलं तेलाचं इंजिन सांभाळायचे, तिथून मोटारींकडे वळले. गाड्यांच्या मालकांशी बोलताना अहिराणीत थोडी मराठी मिसळायचे. रागावले की ती मिसळ संपायची.

एका वर्षी आमच्याकडे दोन अगदी सारख्या गाड्या आल्या. आठ सिलिंडरच्या, अमेरिकन, लांबलचक बॉनेटच्या. एक धरणगावच्या जिनिंगवाल्या शेठजींची, दुसरी जळगावच्या एका वकीलसाहेबांची. एवढी ताकद खानदेशच्या रस्त्यांवर करायची काय, हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

मी पुस्तक उघडलं. एका पानावर लिहिलं होतं, वेग आवरा, इंजिनावर ताण देऊ नका. पुढच्याच पानावर होतं की इंजिन निरोगी राहायचं तर अधूनमधून ते भरधाव चालवावं. मी दोन्ही वाचून दाखवलं. मिस्त्रींनी पुस्तक माझ्याकडून घेऊन मिटलं.

"म्हंजे पुस्तकले बी माहीत नही," ते म्हणाले.

शेठजींनी पहिलंच पान ऐकलं नाही. धरणगावहून ते जळगावला अशा वेगाने यायचे की बाजाराच्या दिवशी लोक धुरळा बघूनच बाजूला व्हायचे. दर दोन महिन्यांनी गाडी यायची ती स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांनी, जळक्या बेअरिंगांनी. मिस्त्री सांगायचे, "जपा, शेठ. लोखंडले बी दम लागस."

वकीलसाहेबांना दुसरं पान पटलं नाही. गडी मोठा हुशार, कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा, पण स्टिअरिंगच्या चाकामागे बसला की त्याच्या पाठीचा ताठ बांबू व्हायचा. ताशी पंधरा मैल. समोर म्हैस दिसली तर शून्य. वर्षभरात इंजिनात इतकी काजळी साचली की गाडी निळा धूर सोडू लागली. मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उघडलं, दिवसभर बसून काजळी खरवडली आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "दाबा, साहेब. रविवारना रविवार पारोळ्यापर्यंत न्या. पन्नासनं."

"पन्नास! मिस्त्री, मी उलटतपासणीसुद्धा इतक्या वेगानं घेत नाही."

"मी बसस बाजूले."

आता तुम्हीच बघा. गाडी तीच, मिस्त्री तेच, आणि एकाला सांगितलं जपा, दुसऱ्याला सांगितलं दाबा. मी विचारलं की खरं काय ते एकदा सांगा. ते म्हणाले, "दोन्ही." मला वाटलं माझी थट्टा करताहेत.

पहिल्या रविवारी दोघं परत आले तेव्हा वकीलसाहेबांच्या डोक्यावर टोपी नव्हती. एरंडोलच्या पुढे उडाली म्हणे, आणि ती घ्यायला ते थांबलेही नाहीत. ते गाडीतून उतरले ते हसतच. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि एखाद्या वडीलधाऱ्यासारखी मान डोलावली. निळा धूर गेला होता. त्यानंतर वकीलसाहेब दर रविवारी एकटेच जाऊ लागले.

चौथ्या महिन्यात, एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या सरळ रस्त्यावर, पुढचं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून एका बाभळीवर आदळली. वकीलसाहेबांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. उजवा गुडघा कामातून गेला. पाय राहिला, पण तो आता कधी वाकणार नव्हता.

मिस्त्री दोन बैलजोड्या लावून गाडी घेऊन आले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. फुटलेलं टायर मांडीवर घेऊन ते जमिनीवर बसले. नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा होत्या. आधीचं वर्षभर गाडी फारशी न वापरता ठेवल्याने रबर सुकलं असावं. शिवाय आत बैलाच्या नालेचा एक खिळाही सापडला.

"भाऊ," ते मला म्हणाले, "खिळा, का टायर, का मी?"

मला खरंच माहीत नव्हतं. पुढे आठवडाभर ते येईल त्याला ते टायर दाखवत राहिले. कुणी म्हणायचं खिळा, कुणी म्हणायचं वेग. शेठजी आले, त्यांनी टायर पाहिलं आणि म्हणाले, "मी तर रोज साठनं येतो. मला काही झालं नाही." तेही खरंच होतं. त्या दिवशी मिस्त्री पहिल्यांदा शेठजींशी निव्वळ अहिराणीत बोलले.

दीड महिना खपून त्यांनी ती गाडी पुन्हा उभी केली. चारही टायर नवे घातले. फक्त वेगाचा काटा काही केल्या हलेना, तो तसाच बंद राहिला. मध्ये एकदा ते दवाखान्यात जाऊन आले, पण दारापर्यंतच. तिथे वकीलसाहेबांच्या पत्नी भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून पळवत होते हो ते." बाईंच्या आवाजात राग नव्हता. मिस्त्रींना तेच सोसलं नाही. आत न जाता ते तसेच परत फिरले.

मग वकीलसाहेबांचं पत्र आलं: घरी यायचं आहे, माझी गाडी पाठवा, मिस्त्रींनीच यावं. सामान उचलायला म्हणून कारखान्याच्या मालकांनी मला बरोबर दिलं. बाईंनी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला आणि त्या आदल्या दिवशीच आगगाडीने पुढे गेल्या.

सकाळी धुळ्याहून निघालो. वकीलसाहेब पुढे, पाय लांब करून. मी मागे, काठ्या आणि वळकटी सांभाळत. मिस्त्री इतक्या हळू चालवत होते की कपाशीच्या गाड्यांवरचे गाडीवान आमच्याशी गप्पा मारत चालले होते. गाडी बिघडली असं वाटून एकाने विचारलं, "बिघडेल शे का?"

"मिस्त्री," वकीलसाहेब म्हणाले, "या चालीनं माझा दुसराही पाय आखडेल."

मिस्त्रींनी चाल बदलली नाही. पारोळं मागे पडलं. ती बाभूळ आली. तिच्या बुंध्याची साल एका बाजूने सोलली होती. मिस्त्रींनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून झाडाकडे पाठ करून उभे राहिले. हात त्यांनी धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"माले जमत नही, साहेब. दुसरा कोनी ड्रायव्हर बघा. मी तुमले दाबा सांगं आनि इंजिनच ऐकं. मी टायरना इचारच करा नही."

वकीलसाहेबांनी त्या सोललेल्या बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिस्त्री, टायर फुटायच्या आधीचे दोन मैल मला रोज आठवतात. दवाखान्यात पडल्या पडल्या तेच आठवायचे. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट जपून केली. ते दोन मैल तेवढे जपून केले नाहीत."

"पन तुमना पाय..."

"पाय गेला, ते खरंच आहे. ते दोन मैलही खरे आहेत. यातलं एक खोटं करून मला निकाल देता येत नाही. तुम्हाला येतो का?"

मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली. मी मागे बसून ऐकत होतो. कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना. बाजू होत्या का, तेही कळेना.

"चला," वकीलसाहेब म्हणाले. "किती वेगानं ते तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही."

मिस्त्री चाकामागे बसले. त्यानंतर गाडी किती वेगाने गेली हे मला आजही सांगता येणार नाही, काटा बंद होता. एवढं आठवतं की वारा तोंडावर लागत होता, आणि एरंडोलला चहासाठी थांबलो तेव्हा चहावाल्याने आम्हाला घाईत आहात का असं विचारलं नाही, आणि गाडी बिघडली का असंही नाही.

त्यानंतर मिस्त्री वकीलसाहेबांकडेच राहिले, ड्रायव्हर म्हणून. कारखान्यात कधी आले आणि कुणी मालकाने किती पळवू असं विचारलं, तर "आधी टायर दाखवा" म्हणायचे आणि गुडघ्यांवर बसायचे. पुढे लढाई लागली. पेट्रोल मिळेनासं झालं, आणि वकीलसाहेबांची गाडी सरकारने कामाला घेतली. शेठजींची खिळखिळी गाडी तेवढी, मागे कोळशाच्या गॅसची टाकी लावून, लढाई संपेपर्यंत धावत होती. याचा अर्थ काय लावायचा?

मिस्त्री लष्कराच्या कारखान्यात भरती झाले. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली त्यांची दोन पत्रं आली, वकीलसाहेबांच्या नावाने. पायाची चौकशी होती. मग काहीच आलं नाही. वकीलसाहेबांनी खूप अर्ज केले. पारोळ्याजवळच्या त्या गावी माणूसही पाठवला. तिथेही कुणाला काही माहीत नव्हतं.

मिस्त्री लष्कराकडे निघाले त्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आणि मी जळगाव स्टेशनवर गेलो होतो. खिडकीजवळ उभं राहून वकीलसाहेब इकडचं तिकडचं बोलत होते, पावसाचं, कपाशीचं. शिट्टी झाली. गाडी हलली तसे तेही हलले. एका हातात काठी, दुसरा खिडकीच्या गजावर. गाडीने वेग घेतला आणि त्यांनीही घेतला. तो ताठ पाय बाजूने फेकत, धोतराचा सोगा सुटलेला, माणसांना चुकवत ते चालले होते. चालत कसले, पळतच होते. मी मागून ओरडत धावलो.

खिडकीतून अर्धे बाहेर आलेले मिस्त्री दोन्ही हात हलवत होते.

"हळू, साहेब! हळू!"

वकीलसाहेबांना ते ऐकू आलं की नाही, मला सांगता येत नाही. फलाट संपेपर्यंत ते थांबले नाहीत.