पाण्याला दम खाऊ दे

माझा मित्र शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरबाहेर माझीच गाडी शोधत होतो. हे माझं नेहमीचंच. कॉर्कहून वैदेहीवहिनी एवढंच म्हणाल्या, "सकाळी उठलाच नाही हो शिरीष..." आणि मी म्हणालो, "बरं." जन्मभर नको तिथे बडबड केलेल्या माणसाला नेमका तेवढाच शब्द सुचावा! गाडी समोरच होती. ती माझी आहे हे कळायला बराच वेळ गेला.

शिरीष औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. एका मशिनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने त्याला जपानला धाडलं. गेला तो अमृततुल्यावर पोसलेला पुणेकर, परतला तो बॅगभर चहाचे डबे घेऊन. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात; तो अख्खा प्रेस त्याने डब्यांनी भरला. रोजचा सेंचा, संध्याकाळी भाजक्या पानांचा होजिचा, पावसाळी दुपारी तांदळाच्या लाह्यांसारखा दरवळणारा गेनमाइचा. म्हणजे आयर्लंडमध्ये बहुधा गेनमाइचाच. आणि खास पाहुण्यांना ग्योकुरो. त्याच्या झुडपांवर खुडणीआधी सावली धरतात, म्हणून पानं गोड होतात. "आपणही इथे बिनउन्हाचेच वाढतोय," तो म्हणायचा, "बघ, मी किती गोड झालोय."

पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा "पाणी ठेव, मी आलोच" म्हणून तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला. मी मदतीला तत्पर! सगळ्यात देखणा डबा उघडला, आलं ठेचलं, साखर, दूध घातलं आणि ग्योकुरोला चांगल्या तीन उकळ्या काढल्या. रंग आला शेवाळलेल्या हौदाचा. शिरीषने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अख्खा कप संपवला. "ग्रँड!" तो इथल्या लोकांसारखा म्हणाला. "पालकाची खीर पहिल्यांदाच प्यायलो."

मग शिकवणी सुरू झाली. उकळलेलं पाणी टवका उडालेल्या निळ्या जगमध्ये, जगमधून कपांत, कपांतून टीपॉटमधल्या पानांवर. मी करवादायचो, "अरे, गार होतंय!" "होऊ दे. पाण्याला दम खाऊ दे. तूही खा." मी कधी खाल्ला नाही. नोकरी, घराचे हप्ते, गावाकडचे फोन... आता खायला बसावं म्हटलं तर नुसता थकवाच हाताला लागतो.

वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा, शिनचा, तो दरवर्षी मागवायचा. यंदाचं पार्सल तो गेल्यावर आलं. वहिनींचा फोन आला. "ताजा आहे तोवर प्यायला हवा, नाहीतर पेंढा होतो म्हणायचा. मला दुधाचाच येतो. इतकी वर्षं माझ्यासमोर करायचा, मी कधी नीट पाहिलंच नाही. तुम्ही या. मला त्याच्या हातची चव एकदा हवीय."

त्याच्या हातची चव, आणि हात माझे! कॉर्कपर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात तेवढीच धास्ती होती. माझ्या फजित्यांवर हसणारा माणूस आता नव्हता, आणि या वेळी खीर करून चालणार नव्हतं.

केला. वहिनींनी घोट घेतला, डोळे मिटून बसल्या.

"कडू झालाय का?" मी विचारलं.

"थोडा."

"घाई केली मी."

"तुम्ही करणारच," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दुसरं पाणी घाला. तो म्हणायचा, पानं रागावत नाहीत."

दुसऱ्या पाण्याला मी थांबलो. जगमधून कपांत, कपांतून टीपॉटमध्ये... वहिनींनी एक घोट घेतला आणि कप कितीतरी वेळ तसाच ओठांशी धरून ठेवला. मी पुढचं पाणी निवत ठेवलं. तिसरं पाणी झालं, चौथं झालं. पुढे पाण्यात रंगही उतरेना.

"वहिनी, आता यात काही उरलं नाही हो."

"माहितेय," त्या म्हणाल्या. उठल्या, पाणी उकळलं, निळ्या जगमध्ये ओतलं आणि ते निवायची वाट बघत माझ्यासमोर येऊन बसल्या.