मुलांत चालेल

कुत्र्यांच्या निवाऱ्यात त्यांना सगळे ठकीवाले मामा म्हणत, कारण गेली अकरा वर्षं ते डब्याच्या पिशवीत एक बाहुली दुमडून कामावर येत होते. साठीला टेकलेला, जाड मिशीचा, गंभीर माणूस स्कूटरवर, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतून बाहेर लोंबणारे लोकरीचे केस. सिग्नलला शेजारचे लोक हसायचे. मामा ढिम्म. ठकी म्हणजे त्यांचं हत्यार होतं, जसा सुताराला रंधा.

मामींनी ती जुन्या चादरीची शिवली होती. उंची चार वर्षांच्या पोराएवढी, पोटात कापूस, पायात खरेखुरे बूट. निवाऱ्यातला कुत्रा कुणाच्या घरी जाण्याआधी मामा त्याची परीक्षा घेत. कुत्रा जेवत असला की ठकीला त्याच्या अंगावर पाडायचं, तिच्या हाताने त्याचं शेपूट ओढायचं, कान पिरगळायचा, थेट भांड्यात हात घालायचा. वर तोंडाने लहान मुलासारखं भोकाड पसरायचं. हे भोकाड इतकं हुबेहूब होतं, की निवारा सांभाळायला नव्याने आलेल्या मॅडम पहिल्या दिवशी ‘कुणाचं मूल पडलं?’ म्हणत ऑफिसातून धावत बाहेर आल्या होत्या. परीक्षा झाली की कार्डावर दोनपैकी एक शिक्का बसे: ‘मुलांत चालेल’ किंवा ‘मुलांत नको’. खाली मामांची सही.

कुत्रा न्यायला येणारे लोक आधी जात विचारत, मग रंग. मामांचं डोकं फिरे. ‘रंग सोफ्याचा बघा,’ ते म्हणत. ‘कुत्रा जेवताना बघा.’ अकरा वर्षांत त्यांच्या सहीचा एकही कुत्रा एकाही मुलाला चावला नव्हता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

आणि मग साहेब आला.

साहेब म्हणजे काळापांढरा, मध्यम बांध्याचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा कुत्रा. पिंजऱ्यात पुढचे पाय जोडून असा बसायचा, की आता अर्ज मागेल आणि तपासेल. म्हणून साहेब. मामा दिसले की मात्र सगळी साहेबी विसरून तो जाळीला नाक लावून कुईकुई करे. कुणीतरी त्याला उपाशी ठेवून हाकलला असावा. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था होती. त्याची परीक्षा झाली, ठकीचा हात भांड्याजवळ गेला, आणि साहेबाने दात दाखवले. चावला नाही, पण गुरगुरला. मामांनी शिक्का मारला: ‘मुलांत नको’.

निवाऱ्यात बारा पिंजरे होते आणि कुत्रे रोज येत. ‘नको’च्या शिक्क्याला तीस दिवस मिळत. तेवढ्यात मूल नसलेलं घर मिळालं तर ठीक, नाहीतर येणाऱ्या गुरुवारी डॉक्टरबाई इंजेक्शन घेऊन येत. मूल नसलेलं घर शोधायला मामांनी कुणाला म्हणून सोडलं नाही. टायरवाला, निवृत्त मास्तर, दवाखान्यातली आया, सगळ्यांचे उंबरे झिजवले. मास्तरांना शिंका येत होत्या, आयाला जिना होता, टायरवाला ‘बघतो’ म्हणाला आणि पुढे फोन उचलेना. घरी नेणं शक्य नव्हतं. मामांची मुलगी बाळंतपणाला आली ती अजून तिथेच होती, आणि दीड खोलीत रांगणारा नातू दिसेल त्या भांड्यात हात घालत फिरायचा.

विसाव्या दिवशी मामांनी एक उद्योग सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत, सगळे आत डबे उघडून बसले की ते ठकीला घेऊन साहेबाकडे जात. ठकी जवळ आली की साहेबाला स्वतःच्या डब्यातला घास. ठकीने भांड्यात हात घातला की दोन घास. गुरगुरला नाही की ‘शाब्बास!’ साहेब हुशार होता. आठ दिवसांत तो ठकी दिसताच भांडं सोडून मागे सरके, खाली बसे, हनुवटी तिच्या बुटांवर टेके आणि वर मामांकडे बघे, आता काय म्हणता अशा तोऱ्यात. मामांना ही लबाडी वाटली नाही. शाळेत तरी काय करतात, शिकवूनच परीक्षा घेतात ना?

एकोणतिसाव्या दिवशी मॅडमच्या समोर दुसऱ्यांदा परीक्षा झाली. साहेब पहिल्या नंबराने पास. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मामांनी ‘नको’ खोडलं, ‘चालेल’चा शिक्का मारला आणि सही केली. सही करताना हात थोडा जड झाला, पण थोडाच.

तीस दिवस भरले तो बुधवार. सकाळीच एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई घरी शिलाईचं काम करत असे. गळ्यातली मापाची टेप काढायलाही तिला सुचलं नव्हतं. मुलीचे पुढचे दोन दात पडलेले, तोंडाची टकळी चालूच.

‘हिचे वडील ट्रकवर असतात,’ बाई म्हणाली. ‘आठवड्यातले चार दिवस घर नुसतं खायला उठतं. मी मशीनवर बसले की मान वर करायला फुरसत नसते. हिला सोबत हवी. काका, मला कुत्र्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तो नेते.’

सांगायची वेळच आली नाही. मुलगी सरळ साहेबाच्या पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘आई, याचा एक कान झोपलाय!’

मामांनी साहेबाला पट्टा लावून बाहेर काढलं. मुलीने त्याच्या गळ्यात हात टाकले, तो शेपूट हलवत राहिला. मग तिने खिशातून अर्धं बिस्किट काढलं. ते हातातून निसटलं, साहेबाच्या पायाशी पडलं, आणि ती उचलायला वाकली.

मामांच्या हातातला पट्टा थरथरला. आवाज नव्हता. तोंड मिटलेलं, शेपूट तसंच, पण गुरगुर छातीतून निघून पट्ट्यावाटे मामांच्या तळहातात पोचली, आवाज बंद केलेला फोन खिशात वाजावा तशी. मामांनी झटकन पट्टा ओढून घेतला. मुलीने बिस्किट उचललं आणि स्वतःच खाऊन टाकलं.

‘चावणार तर नाही ना हो?’ बाईने विचारलं.

खरं सांगितलं तर शिक्का पुन्हा ‘नको’चा होणार होता, आणि उद्या गुरुवार होता. साहेब मामांकडे वर बघत होता.

‘ताई,’ मामा म्हणाले, ‘अकरा वर्षांत माझ्या सहीचा कुत्रा कुणाला चावलेला नाही.’

यातला शब्द न् शब्द खरा होता. बाईच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. तिने कार्डावरचा शिक्का वाचला, खाली पत्ता लिहिला, आणि तासाभरात साहेब रिक्षात बसून गेला. जाताना तो मागच्या बाजूने मामांकडेच बघत होता.

दुपारी मामांनी डबा उघडला. पहिला घास तोंडात घातला. समोर टेबलावर ठकी पडली होती. पिशवीत डब्याला चिकटून चिकटून तिच्या हाताला तेलाचे डाग पडले होते. मामांनी तो हात उचलून नाकाला लावला. हाताला त्यांच्या डब्याचा वास होता. केसांना त्यांच्या विडीचा. साहेबाने आठ दिवस मुलाला वाट दिलीच नव्हती. वाट दिली होती ती मामांना. मामांनी त्याला मूल म्हणजे काय ते शिकवलं नव्हतं, आपण म्हणजे काय ते शिकवलं होतं.

आता दीड वाजला होता. बाई मशीनवर बसली असेल. मुलीने नव्या सोबत्याला पहिलं काय दिलं असेल? खायला.

डबा तसाच उघडा टाकून मामा निघाले. कार्डावरचा पत्ता तळहातावर लिहून घेतला होता, तो घामाने पुसट झाला. स्कूटर दोनदा बंद पडली. पहिल्या सिग्नलला ते थांबले, दुसऱ्याला थांबले नाहीत. मागून कुणीतरी शिवी हासडली. रस्ताभर त्यांना एकच दिसत होतं, ते दोन पडलेले दात आणि तो गोल गाल. देवा, मला उशीर होऊ देऊ नकोस, बाकी काहीही कर, असं ते मोठ्यांदा म्हणत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

दुसरा मजला. दार नुसतं लोटलेलं. आतून मशीनची घरघर येत होती. मामांनी दार ढकललं.

पुढच्याच खोलीत जमिनीवर वाडगा होता, वाडग्यात दूधपाव, आणि वाडग्यापासून वीतभर अंतरावर मुलगी पालथी पडून, हनुवटी तळहातांवर ठेवून, त्याचं खाणं बघत होती. साहेबाचं खाणं थांबलं होतं. मान वाडग्यावर ताठ, पाठीवरचे केस उभे, ओठ एका बाजूने वर सरकलेला. मुलगी हसत होती. तिला वाटलं तोही हसतोय.

‘आजोबा आले!’ ती म्हणाली आणि उठायला हात पुढे टाकला.

‘हलू नकोस. बाळा, अजिबात हलू नकोस. माझ्याकडे बघ.’ मामांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. ‘साहेब. ये. ये इकडे.’

साहेबाने वाडग्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग मामांकडे. आणि मामांना बघून त्याचे सगळे केस खाली बसले, शेपूट पंख्यासारखं फिरू लागलं, आणि वाडगा तिथेच सोडून तो त्यांच्या पायात येऊन घुटमळला. मामांनी पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला. मग ते उंबऱ्यावर बसले.

मशीन थांबलं. बाई दारात आली.

‘काय झालं, काका?’

‘हा परत न्यायला आलोय. हा मुलांत चालणारा नाही. मी... कार्डावर खोटं लिहिलंय.’

‘खोटं म्हणजे? चुकून?’

हो म्हणायची सोय होती. मामांनी ती घेतली नाही. ‘चुकून नाही. सकाळी तो हिच्यावर गुरगुरला. पट्टा माझ्या हातात होता, मला कळलं. उद्या त्याला मारणार होते, म्हणून गप्प बसलो.’

बाईने मुलीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी मुलगी, पण घेतली. तिचे हात, पाय, गाल चाचपून बघितले. मग विचारलं, ‘तुमच्या घरी लहान मूल आहे?’

‘आहे. नातू.’

‘म्हणून तुम्ही नेला नाहीत.’

मामांनी मान डोलावली.

‘स्वतःच्या घरी न्यायला घाबरलात,’ बाई म्हणाली, ‘आणि माझ्या घरी दिलात.’ ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘उठा. दार लावायचंय मला.’

दारामागून मुलीचं रडणं जिन्यातून खालपर्यंत ऐकू येत होतं. ‘माझा आहे तो! आजोबांनी माझा कुत्रा नेला!’ अकरा वर्षं मामा मुलाचं रडणं काढत आले होते. त्यातलं एकही असं नव्हतं.

साहेब स्कूटरवर पायांपाशी उभा राहून, हँडलमधून तोंड बाहेर काढून, ऐटीत परत आला. आपल्याला न्यायला मामा आले, यापरतं सुख त्याला ठाऊक नव्हतं. रस्ताभर तो मध्येच मान वळवून मामांचा हात चाटत होता. मामा रडत होते आणि सिग्नलला थांबत होते, सगळ्या.

मॅडमना त्यांनी सगळं सांगितलं, जेवणाच्या सुट्टीतल्या शिकवणीसकट. मॅडमनी कार्डावरचं ‘चालेल’ खोडलं. मग म्हणाल्या, ‘मामा, शिक्का माझ्याकडे द्या.’ मामांनी तो टेबलावर ठेवला. टायरवाल्याला शेवटचा फोन करून पाहिला. फोन वाजत राहिला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबाई आल्या. मागच्या खोलीत स्टीलचं टेबल होतं आणि औषधाचा उग्र वास. साहेबाने दारातच चारही पाय रोवले. तो थरथरत होता, सगळी साहेबी उतरली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. मी दुसऱ्या कुणाला धरायला बोलावते.’

‘नको. मीच धरतो,’ मामा म्हणाले. ‘टेबल नको. खालीच करू. एक मिनिट द्या.’

ते पिशवी घेऊन आले. ठकीला बाहेर काढून त्यांनी भिंतीला टेकवून बसवलं, समोर भांडं ठेवलं, भांड्यात डब्यातला सगळा ऐवज ओतला.

साहेबाची थरथर थांबली. हे त्याला येत होतं. तो पुढे आला, भांड्याला तोंड लावलं. मामांनी ठकीचा डागाळलेला हात भांड्यात घातला. साहेब लगेच मागे सरकला, नीट खाली बसला, हनुवटी ठकीच्या बुटांवर टेकली, आणि वर मामांकडे बघू लागला. डॉक्टरबाई मागून वाकल्या तेव्हाही तो तसाच बघत होता, निकालाची वाट बघत.

‘शाब्बास,’ मामा म्हणाले. ‘पास झालास. शाब्बास.’