लेखनिक मागायला गेले तो दिवस

माझा उजवा हात जन्मापासून माझं ऐकत नाही. मूठ वळते, पण बोटांत पेन ठरत नाही. दोन ओळी लिहिल्या की मनगट भरून येतं आणि डोकं मात्र पुढे धावत असतं. बारावीपर्यंत एकही पेपर मी पूर्ण सोडवला नव्हता. उत्तरं येत होती, वेळ संपत होता. कोणाची मदत मागायचं म्हटलं की आईचं म्हणणं एकच, "कोनाचं उपकार नको गो आपल्याला."

कॉलेजसाठी मी रोज पेणहून गाडीने रोह्याला जायची. पहिल्याच वर्षी फलकावर सूचना दिसली: दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं जादा मिळतील, अर्ज करावा. मी ती तीनदा वाचली. इतकी वर्षं हे होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं! राग आला आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच. आईला न विचारता रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या एका झेरॉक्सवाल्याकडून अर्ज टाइप करून घेतला, अपंगत्वाचा दाखला जोडला आणि परीक्षा विभागाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

खिडकीतल्या क्लार्ककाकांनी पत्ता वाचला. हमरापूर, पेणजवळचं आमचं गणपतीच्या कारखान्यांचं गाव. मग चष्म्यावरून मला न्याहाळलं.

"तू त्या मूर्तींच्या कारखान्यातली ना? आमचा गणपती दरसाल तिथूनच नेतो मी. गेल्या साली पीतांबर रंगवत होतीस की! मग हाताला काय झालंय?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज परत घेऊन सरळ स्टेशन गाठावं असंही वाटलं. पण तेव्हा परत फिरले असते तर पुन्हा कधी आले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

"काका, पीतांबराला मोठा ब्रश लागतो, तो मी मुठीत धरते. डोळ्यांची आखणी करताना पाहिलंत कधी मला?"

"नाय."

"ती माझी आत्या करते. बाबांचाही हात तिथे चालत नाय. साच्याला एक माणूस, घासायला दुसरा, रंगाला तिसरा. ज्याला जे जमतं ते त्यानं करायचं. आत्यानं डोळे काढले म्हणून बाबांवर उपकार केले असं कोण म्हणत नाय आमच्यात. उत्तर माझंच हाय काका, फक्त लिहायला हात द्या."

एवढं सगळं एका दमात बोलले. कान गरम झाले होते. हे असं मी स्वतःलाही आजवर कधी सांगितलं नव्हतं.

काकांनी अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. "आमच्या गणपतीचे डोळे तुझ्या आत्यानं काढले व्हय?"

"व्हय."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. "सही उद्या होईल. लेखनिक मात्र तूच बघ, तुझ्यापेक्षा खालच्या वर्गातली पाहिजे."

गाडीत खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते. समोरच्या बाई दोनदा माझ्याकडे बघून गेल्या. बघेनात का!

लेखनिक मिळाली ती शेजारची बारावीतली पोर. पहिला पेपर इतिहासाचा. आम्हाला वेगळी खोली दिली होती. मी सांगायला लागले आणि सुटलेच! "ताई, जरा दमानं गो," ती कळवळून म्हणाली, "माझाबी हातच हाय." आम्ही दोघी इतक्या हसलो की पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले.

घंटा झाली. बाहेर पोरांचा गलबला सुरू झाला. आमचा जादा वेळ अजून बाकी होता. शेवटचं उत्तर सांगून झालं, तिने टिंब दिलं आणि मान वर केली.

"अजून काय लिहू?"

मी प्रश्नपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. लिहायचं काहीच उरलं नव्हतं. डोळे भरून आले.

"काय नाय गो. झाला सगळा."