एका नदीचे अजगर

लॅबवाले चाचा कोणालाही नावाआधी गाव विचारत. मी "पुणे" म्हटलं, तर "पुण्यात कुठं?" पेठेपर्यंत पोचल्यावरच चहा पुढे आला. ते स्वतः दापोली तालुक्यातले, कुवेतच्या एका इस्पितळात रक्त तपासणारे. तिथल्याच फरवानिया भागात आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत आणि एका खोलीत अजगर पाळत.

बोआ जातीचे, दक्षिण अमेरिकेतले. एक जोडी सुरिनामची, दुसरी शेजारच्या गयानाची. देश सोडून जाणाऱ्या एका डच इंजिनिअरने त्या दिल्या होत्या, कुठल्या नदीकाठी पकडल्या त्याच्या चिठ्ठ्यांसकट. मला चारही सारखेच दिसत: तपकिरी अंग, विटकरी शेपूट.

"एकत्र ठेवले तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. पिल्लं होतील, छान होतील. कुठली, ते मात्र कोणाला सांगता येणार नाही."

दर हिवाळ्यात ते रात्री खोली पंचवीस अंशांवर आणत, मगच नर-मादी एकत्र सोडत. आमची ही म्हणायची, "चाचा, यांचं जमवता, तुमचं कधी?"

"वैनी, माझ्या गावची मिळाली नाही."

सहा वर्षांनी, एकाच उन्हाळ्यात, दोन्ही माद्या व्याल्या. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लंच होतात. सुरिनामची तेवीस, गयानाची एकोणीस. त्याआधीच दोन्ही नर मेले होते, म्हणून ही शेवटची. राई या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजच्या केरळी मालकाने सुरिनामच्या चार जोड्या पुढे वाढवायला मागितल्या होत्या. चाचांनी शब्द दिला आणि बहिणीच्या लग्नाला चाळीस दिवसांसाठी गावी गेले. किल्ली माझ्याकडे.

ऑगस्टात एका दुपारी त्या खोलीचा एसी बंद पडला. मी धावलो तेव्हा आत त्रेचाळीस अंश होते. दोन्ही पेट्यांतली पिल्लं एका मोठ्या टबात काढली आणि आमच्या बेडरूममध्ये आणली. मग माद्या आणल्या. रात्री तीनदा मोजलं: बेचाळीस. एकही मेलं नव्हतं. मी फार खूश होतो.

चाचा परतले तेव्हा मी आकडा आधी सांगितला. ते टबाकडे बघत राहिले.

"भाऊ, यातली तेवीस कुठली?"

तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "शेपटीचा रंग बघून वाटू. दहातली नऊ तरी बरोबर येतील."

"लेबल गेलेल्या बाटलीचा रिपोर्ट मी अंदाजानं देत नाही." आवाज चढला नव्हता. त्यांनी बेचाळीस चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या: सुरिनाम किंवा गयाना, नक्की नाही.

पुढच्या शुक्रवारी केरळी मालक आला. चिठ्ठी वाचून चिडला. "छे साल का काम था, चाचा। किसने किया?"

मी शेजारीच उभा होतो. मी अकाउंटंट; हिशेबात कधी दिनाराची चूक न करणारा माणूस म्हणून तोही मला ओळखत होता.

चाचा म्हणाले, "मेरे घर में हुआ।"

मालक रिकाम्या हाताने गेला. चाचांनी मला चहा विचारला. मी घेतला, आणि तेव्हाही काही बोललो नाही.